आधी एक मिनिट श्वास मोजा : जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
सर्व जिल्हा परिषदा, महाराष्ट्र

विषय : लहान मुलांचा न्यूमोनिया. नोंदवहीत बरोबरची खूण नको, आकडा हवा.

सप्रेम नमस्कार,

१२ नोव्हेंबरला जागतिक न्यूमोनिया दिन. लहान मुलांच्या न्यूमोनियाविरुद्धची 'सांस' मोहीम त्याच दिवशी सुरू होते आणि फेब्रुवारीअखेर संपते. फलक लागतील, पत्रकं वाटली जातील, आशाताई घरोघर फिरतील. त्या घरभेटीत नेमकं काय व्हायला हवं, एवढ्यापुरतंच हे पत्र आहे. मागणी एका ओळीत सांगता येते : पाच वर्षांखालच्या ज्या मुलाला खोकला किंवा श्वासाचा त्रास आहे, त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा आणि आलेला आकडा लिहावा. 'जलद श्वास : हो / नाही' अशी खूण चालवून घेऊ नये. खूण घरात न जाताही मारता येते. आकडा लिहायचा तर निदान मुलाकडे बघावं लागतं.

खोकला, ताप आणि छातीतली घरघर यांवरून न्यूमोनिया ओळखायचा अशी समजूत घराघरात आहे, आणि खरं सांगायचं तर काही दवाखान्यांतही आहे. तिन्ही लक्षणं फसवी आहेत. खोकला साध्या सर्दीतही येतो, ताप तर कशानंही येतो. घरघर बहुतेक वेळा नाकाघशातल्या शेंबडाची असते, ती छातीवर हात ठेवला की हाताला लागते आणि आई घाबरते. असं घरघरणारं बाळ दूध मात्र नीट ओढत असतं. न्यूमोनियाचं बाळ पुष्कळदा शांत असतं. आवाज नाही, फार खोकलाही नाही, पण पोट भात्यासारखं चाललेलं असतं.

असं का होतं? फुप्फुस म्हणजे हवेच्या अगणित बारीक पिशव्या. संसर्ग झाला की त्यांत पू आणि पाणी भरतं आणि मऊ फुप्फुस कडक होतं. कडक फुप्फुसाला एकदम मोठा श्वास भरून घेता येत नाही, म्हणून मूल छोटे छोटे श्वास भराभर घेऊन हवेची बेरीज पुरी करतं. म्हणून जलद श्वास हे पहिलं लक्षण. आजार आणखी वाढला की भराभर श्वासही पुरत नाहीत. मग छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा जोर लावून खाली ओढतो. लहान मुलाच्या बरगड्या मऊ, त्यामुळे श्वास आत घेताना छाती फुगायची सोडून तिचा खालचा भाग आत खेचला जातो, बरगड्यांखाली खड्डा पडतो. हे दुसरं लक्षण, पहिल्यापेक्षा गंभीर. दोन्ही डोळ्यांनी दिसतात, त्यांना ना स्टेथोस्कोप लागतो ना एक्स-रे.

पडदा खाली जातो तेव्हा पोट बाहेर येतं. म्हणून आई सांगते ती तक्रार छातीची नसते. 'बाळाचं पोट उडतंय', 'फासळ्या उडतात', काही भागांत 'डबा झालाय'. या शब्दांना खेडवळ समजून बाजूला सारू नका. आईनं बरोबर तेच पाहिलेलं असतं जे आपण प्रशिक्षणात शिकवतो, फक्त तिनं ते पोटाच्या खात्यात टाकलेलं असतं. मेळघाटात तापवलेल्या विळ्यानं बाळाच्या पोटाला चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. दुखणं छातीत आणि डाग पोटावर, तो याच गोंधळातून. डंबा देणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो, बातमी येते, आणि पुढच्या थंडीत पुन्हा तेच. कारण पोट उडतं ते छातीच्या आजारानं, ही एक गोष्ट चटके देणाऱ्या आजीला कोणी पोट दाखवून समजावलेली नसते. आपल्या पत्रकांवर 'न्यूमोनिया' हा शब्द मोठ्या अक्षरात असतो. त्याच्याजवळ 'पोट उडणे' हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा, आणि कोरकू, भिली, माडिया बोलणाऱ्या भागांत तिथला शब्द तिथल्या बायकांना विचारून छापा.

आता मोजणी. सगळं इथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर.

बाळ आईच्या मांडीवर, उजेडाकडे. कुंची सोडायची, दुपटं बाजूला, झबलं छातीपर्यंत वर. थंडीत आई का-कू करते, पण कपड्यावरून मोजलेला श्वास हा अंदाज असतो. पीत असेल तर थांबा, रडत असेल तर शांत होईपर्यंत थांबा. रडताना आणि दूध ओढताना श्वासाची लय मोडते. झोपलेलं असेल तर उत्तम, मोजून होईपर्यंत उठवू नका. पोटावर किंवा छातीवर जिथे हालचाल स्पष्ट दिसते अशी एकच जागा धरा आणि नजर तिथून हलवू नका. मोबाइलवर ६० सेकंदांचा गजर लावून फोन बाजूला ठेवा. घड्याळाचा काटा बघत मोजलं की मधले श्वास निसटतात. पोट वर आलं की एक. खाली जाणं हा त्याच श्वासाचा उत्तरार्ध, तो वेगळा मोजायचा नाही. नव्या कार्यकर्तीच्या वहीत एखाद्या धडधाकट मुलापुढे ८० दिसले तर बहुधा तिनं वर-खाली दोन्ही मोजलेलं असतं.

पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय मोडायला हवी. दहा महिन्यांच्या मुलाची मर्यादा ५० आहे. पंधरा सेकंदांत १२ श्वास मोजले तर ४८, म्हणजे न्यूमोनिया नाही. १३ मोजले तर ५२, म्हणजे न्यूमोनिया. शेवटचा श्वास गजराच्या आधी धरला की नंतर, एवढ्यावर मुलाला औषध मिळणार की नाही ते ठरतं. तान्ह्या बाळाचं तर विचारूच नका. ते काही सेकंद श्वास घेतच नाही, मग सपासप घेतं. त्याचे पंधरा सेकंद कुठले धरणार?

मर्यादा अशा : दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० वा वर आले तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजा. दुसऱ्यांदाही तेच आलं तर त्याला गावात गोळी देऊन थांबायचं नाही, ते बाळ रुग्णालयातच जायला हवं.

साठपर्यंत मोजणं अवघड जातं अशा दाया आणि कार्यकर्त्यांसाठी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं मण्यांची साधी पाटी तयार केली. एका मिनिटाची वाळूची घडी, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दहापर्यंत मोजता आलं की झालं. प्रशिक्षित गावकऱ्यांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिलं तर बालमृत्यू कमी होतात, हे गडचिरोलीतल्या कामावरून १९९० सालीच प्रसिद्ध झालं आहे. पद्धत इथलीच आहे, बाहेरून काही आणायचं नाही. मोजायला सवड, गजर आणि तपासणारा माणूस एवढं हवं. पर्यवेक्षिकेनं दर भेटीत एका मुलाचा श्वास आशाताईच्या जोडीनं, त्याच मिनिटात मोजावा आणि दोघींचे आकडे शेजारी लिहावेत. दोन-तीन श्वासांचा फरक चालतो. दहाचा पडला तर मोजणी पुन्हा शिकवा, नोटीस काढू नका.

आकड्याबरोबर छातीचा खड्डा बघायचा तो श्वास आत घेताना, मूल शांत असताना, आणि प्रत्येक श्वासाला पडतो का ते. रडताना क्षणभर पडलेला धरायचा नाही. नाकपुड्या फुलणं, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हणं, मान हलणं ही जास्त त्रासाची चिन्हं. आणि पुढचं काहीही दिसलं तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा : दूध-पाणी पिता येत नाही, सगळं उलटून पडतं, झटका आला, मूल सुस्त आहे किंवा उठवून उठत नाही, शांत असतानाही श्वास घेताना घशातून कर्कश आवाज येतो, ओठ निळसर झालेत.

एक सापळा इथे आहे आणि त्यात अनुभवी माणसंही अडकतात. सकाळी ७० असलेला श्वास संध्याकाळी ४० झाला म्हणजे बरं वाटलं असं नव्हे. मूल दमलं असेल तरीही श्वास मंदावतो. मूल खेळतंय, पितंय आणि श्वास ४० आहे, तर सुधारणा. मूल मान टाकून पडलंय आणि श्वास ४० आहे, तर हाताशी वेळ फार थोडा आहे.

दुसरा सापळा कुपोषित मुलाचा. धारणी-चिखलदरा, धडगाव-अक्कलकुवा, जव्हार-मोखाडा, भामरागड-एटापल्ली या आदिवासी तालुक्यांत आपल्याला याच मुलांशी काम आहे. ताप यायलाही शरीरात ताकद लागते, छाती आत ओढायलाही स्नायू लागतात. ज्याच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी आहे त्या मुलाला भरपूर न्यूमोनिया असूनही अंग थंड असू शकतं, खड्डा दिसत नाही, श्वासही मर्यादेच्या आत असू शकतो. फक्त खाणं सुटतं आणि मूल मलूल होतं. अशा मुलाला खोकला असेल तर श्वासाचा आकडा चांगला आला म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवाच. दंडाची पट्टी आणि श्वासाची मोजणी एकाच भेटीत, एकाच ओळीत लिहिली गेली तरच हे लक्षात येईल. आज एक नोंद पोषणाच्या वहीत आणि दुसरी आजाराच्या वहीत राहिली तर दोन्ही वह्या पूर्ण असतात आणि मूल हुकतं.

कारणांबद्दल थोडक्यात. मुलांच्या जिवावर बेतणारा न्यूमोनिया बऱ्याचदा न्यूमोकोकस या जिवाणूचा असतो, दुसरा जुना गुन्हेगार हिब हा जिवाणू. दोघांवर लस आहे. हिबची लस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीत येते : दीड, अडीच आणि साडेतीन महिने. न्यूमोकोकसची पीसीव्ही भारतात २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली : दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्यात बूस्टर. विषाणूंमुळे होणारा न्यूमोनियाही खूप, विशेषतः पावसाळा-हिवाळ्यात आरएसव्ही आणि फ्लू या विषाणूंचा. गोवरानंतर होणारा वाईट असतो, म्हणून गोवराची लस हीसुद्धा न्यूमोनियाचीच लस समजा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन वाढत नाही, घरात कोणाला क्षय, तर क्षयाची तपासणी. चुलीचा धूर, घरातली बिडी, कमी वजनाचं जन्मलेलं बाळ, सहा महिन्यांआधी वरचं दूध, या सगळ्यांनी धोका वाढतो.

केळं, दही, भात 'गार' म्हणून बंद केल्यानं मात्र काही साधत नाही. न्यूमोनिया होतो जंतूंमुळे. ज्या मुलाला मुळात खायला कमी पडतं त्याचं केळंही गेलं, एवढाच हिशेब उरतो.

घरगुती उपायांतले तीन तर थांबवायलाच हवेत. अंघोळीच्या वेळी तान्ह्याच्या नाकात तेलाचे थेंब सोडणं : तेलानं ठसका फारसा लागत नाही, ते गुपचूप श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतं आणि तिथेच साठून वेगळाच न्यूमोनिया होतो, ज्यावर अँटिबायोटिक चालत नाही. नाकाशी कापूर चोळणं : लहान मुलाला त्यानं झटके येऊ शकतात. आणि उकळत्या पातेल्यावर मुलाला धरून वाफारा देणं, ज्यात भाजलेली मुलं रुग्णालयात येतात. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, पाजण्याआधी. एक वर्षावरच्या मुलाला कोमट पाण्यात चमचाभर मध चालतो, एक वर्षाखाली मध नाही.

खोकल्याच्या बाटलीबद्दल कडक बोलावं लागेल. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या औषधानं मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि ती दगावली. त्यांतली अनेक नागपुरात उपचारासाठी आणलेली होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत असं राज्यांना कळवलं. बाटलीत विष नसतं तरी प्रश्न उरतोच. खोकला दाबणारी औषधं फुप्फुसातला कफ बाहेर येऊ देत नाहीत, काही औषधांनी मूल झोपाळू होतं. न्यूमोनियातली सुस्ती की औषधाची गुंगी, हे मग कोणाला कळणार? आपल्या जिल्ह्यातल्या औषध दुकानदारांच्या संघटनेला या हंगामाआधी एक बैठक घालून हे तोंडी सांगा. परिपत्रक गल्ल्याखाली जातं.

न्यूमोनियाचं खरं औषध स्वस्त आहे : पाण्यात विरघळणारी अमोक्सिसिलिनची २५० मिलिग्रॅमची गोळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार दोन महिने ते एक वर्ष एक गोळी, एक ते तीन वर्षं दोन, तीन ते पाच वर्षं तीन, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. गोळी चमचाभर स्वच्छ पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून लगेच द्यायची. आता साठ्याचं गणित करा. वर्षाखालच्या बाळाला १० गोळ्या लागतात, दोन वर्षांच्या मुलाला २० आणि चार वर्षांच्याला ३०. उपकेंद्राला दर मुलामागे दहा गोळ्यांची एक पट्टी मोजून दिली की दोन वर्षांच्या मुलाला अर्धा डोस नाहीतर अडीच दिवसांचं औषध मिळतं, चार वर्षांच्याला त्याहूनही कमी. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, आई उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवून देते, आणि आठवड्यानं मूल पुन्हा धापा टाकतं. म्हणून तिसऱ्या दिवशीची भेट चुकवू नका : श्वास पुन्हा मोजा, गोळ्याही मोजा. आशाताईच्या हातात पाठवण्याआधीचा पहिला डोस असतो. तो तिच्या पिशवीत खरोखर आहे का आणि मुदतीतला आहे का, हे मोहिमेच्या पहिल्या आठवड्यात पाहा. आणि आकडा मर्यादेच्या आत असेल, खड्डा नसेल, मूल पितं-खेळतं असेल, तर अँटिबायोटिक देऊ नका. त्यासाठीही आकडाच कामी येतो.

श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येणारं मूल वेगळं काढायला हवं. त्याच्या श्वासनळ्या आवळलेल्या असतात, त्यानंही श्वास वाढतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलचा पंप स्पेसरमधून (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी) द्या, १५ ते २० मिनिटांच्या अंतरानं तीनदा, आणि मग पुन्हा श्वास मोजा. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडूनही काम होतं.

कोविडच्या काळात वाटलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पुष्कळ ठिकाणी कपाटात आहेत. ते मोठ्यांच्या बोटाचे. बाळाच्या बोटावर ते निसटतात आणि ८२ नाहीतर ९९ असा मनाला येईल तो आकडा दाखवतात. बाळासाठी पावलाला गुंडाळायचा प्रोब हवा. पाऊल थंड असेल तर आधी ऊब द्या, आणि यंत्रावरचे नाडीचे ठोके स्थिर झाल्याशिवाय ऑक्सिजनचा आकडा लिहू नका. ९० च्या खाली गेलं तर ऑक्सिजन लावूनच पुढे पाठवा. इथे आणखी एक खाच आहे. रुग्णवाहिकेतला फ्लोमीटर, म्हणजे ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणारी नळी, १५ लिटरपर्यंतचा असतो. नवजात बाळाला मिनिटाला अर्धा ते एक लिटर लागतो, त्याहून मोठ्या बाळाला एक ते दोन. त्या मोठ्या नळीत अर्धा लिटर नजरेला दिसतच नाही, गोळी तळाशीच नाचते. कमी प्रवाहाचे फ्लोमीटर आणि बाळाच्या मापाच्या नाकातल्या नळ्या प्रत्येक गाडीत ठेवा. १,५०० लिटरचा बी प्रकारचा भरलेला सिलिंडर दोन लिटरनं साडेबारा तास चालतो, म्हणजे धारणीहून अमरावती गाठायला तो पुरून उरतो. रिकामा निघाला नाही तर. काटा रोज सकाळी बघून वहीत लिहायचा आणि खाली सही करायची, याला दोन मिनिटं लागतात.

शेवटी ज्या मुद्द्यावर तुमच्याशिवाय कोणी काही करू शकत नाही तो. मोहीम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्याच महिन्यांत बीडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या फडावर असतात, पालघरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर, नंदुरबारची गुजरातेत. आशाताई गावातली यादी घेऊन फिरते आणि घराला कुलूप. 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. ज्या गावाच्या शिवारात ते मूल कोपीत झोपलंय, तिथल्या यादीत त्याचं नाव नाही. पहाटेच्या थंडीत उसाच्या पाचटाची कोपी, आत चूल, धूर, आई-बाप अंधारातच तोडणीला गेलेले आणि बाळ सहा वर्षांच्या बहिणीजवळ. न्यूमोनियासाठी लागतं ते सगळं तिथे एकत्र आहे, फक्त श्वास मोजणारं कोणी नाही.

यासाठी तीन गोष्टी करता येतील. गाव सोडण्याआधी, दिवाळीच्या आठवड्यात, पाच वर्षांखालच्या मुलांची यादी मुकादमाच्या नाव-नंबरासह आणि पीसीव्ही-पेंटाच्या राहिलेल्या डोससह तयार व्हावी. ती यादी त्या-त्या कारखान्याच्या किंवा भट्टीच्या हद्दीतल्या आरोग्य केंद्राकडे पोचावी, जिल्हा बदलला तरी. आणि साखर कारखान्याच्या शेती विभागाकडे टोळ्या कुठल्या शिवारात उतरल्यात याची रोजची माहिती असते, ती तिथल्या आशाताईला दर आठवड्याला मिळावी. टोळी सायंकाळी परतते, म्हणून भेट सायंकाळी सहानंतर लागेल आणि त्या भेटीचा प्रवासखर्च आधी मंजूर करून ठेवावा लागेल.

गुजरातेत गेलेल्या मुलांसाठी नंदुरबार, धुळे आणि पालघरच्या अधिकाऱ्यांनी पलीकडच्या जिल्ह्यांशी पत्रव्यवहार ऑक्टोबरमध्येच सुरू करावा. नोव्हेंबरात उशीर झालेला असतो.

आपले,
ग्रामीण भागात बालआरोग्याचं काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि प्रशिक्षक